घटक ६ : अध्यक्षाची मुदत आणि विधिमंडळातील पक्ष – पेरूचा अनुभव

मागील घटकात तुम्ही संसदीय आणि अध्यक्षीय शासनपद्धतींतील मूलभूत फरक अभ्यासला. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ सभागृहाच्या विश्वासावर उभे असते. अध्यक्षीय पद्धतीत अध्यक्ष ठराविक मुदतीसाठी निवडला जातो आणि विधिमंडळाची केवळ नाराजी त्याला पदावरून दूर करण्यास पुरेशी नसते. ही व्याख्या अचूक आहे. मात्र दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाकडे पाहिले की ती अपुरी वाटू लागते. तेथे अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची आहे. तरीही जुलै २०१६ ते ऑक्टोबर २०२५ या सव्वानऊ वर्षांत सात व्यक्ती अध्यक्षपदावर आल्या. या काळात लष्कराने एकदाही सत्ता बळकावली नाही. जे घडले ते बहुतांशी विधिमंडळात, मतदानाने घडले.

या प्रश्नाची सैद्धांतिक बाजू थोडक्यात लक्षात घ्या. हुआन लिंझ यांनी १९९० मध्ये असे मांडले की अध्यक्षीय पद्धतीत अध्यक्ष आणि विधिमंडळ या दोघांनाही जनतेचा स्वतंत्र कौल असतो. त्यामुळे संघर्ष झाल्यास कोणाचे म्हणणे अंतिम, हे ठरवणारे लोकशाही तत्त्व उरत नाही. पुढे अनिबल पेरेझ-लिनान यांनी ‘विधिमंडळीय कवच’ ही संकल्पना मांडली. महाभियोग रोखण्याइतके निष्ठावान सदस्य पाठीशी असतील, तर घोटाळा उघड होऊनही अध्यक्ष टिकू शकतो. तसे सदस्य नसतील, तर तो उघडा पडतो. ब्राझीलचे अध्यक्ष कोलोर यांचा पक्ष लहान होता. १९९२ मध्ये कनिष्ठ सभागृहाने प्रचंड बहुमताने त्यांच्यावरील कारवाईला संमती दिली आणि वर्षअखेर त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता पेरूकडे वळू. तेथील विधिमंडळाचे नाव ‘काँग्रेस’ आहे. आपल्याकडील पक्षाशी गल्लत होऊ नये म्हणून येथे ‘विधिमंडळ’ हाच शब्द वापरला आहे. या काळात ते एकसदनी होते व त्याची सदस्यसंख्या १३० होती. १९९३ च्या राज्यघटनेच्या ११३ व्या कलमानुसार ‘कायमस्वरूपी शारीरिक वा नैतिक असमर्थता’ या कारणावरून विधिमंडळ अध्यक्षपद रिक्त झाल्याचे जाहीर करू शकते. त्यासाठी दोन-तृतीयांश, म्हणजे ८७ मते लागतात. ‘नैतिक असमर्थता’ हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातील घटनांपासून चालत आला असून त्याचा मूळ अर्थ मानसिक असमर्थता असा होता, असे अनेक घटनातज्ज्ञ मानतात. पण घटनेत व्याख्या नाही. त्यामुळे ८७ सदस्य ज्याला अनैतिक म्हणतील ते अनैतिक, असा व्यवहार रूढ झाला.

२०१६ मध्ये पेद्रो पाब्लो कुचिन्स्की अत्यंत निसटत्या फरकाने अध्यक्ष झाले, तर पराभूत उमेदवार केइको फुजिमोरी यांच्या पक्षाला १३० पैकी ७३ जागा मिळाल्या. लिंझ यांनी वर्णिलेला पेच याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. डिसेंबर २०१७ मधील पहिला ठराव ७९ मतांवर अडला, कारण विरोधी पक्षातील एक गट तटस्थ राहिला. काही दिवसांतच कुचिन्स्की यांनी त्या गटाच्या नेत्याचे वडील, तुरुंगात असलेले माजी अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांना माफी दिली. हा सौदा होता काय, यावर तेथे मोठा वाद झाला. मार्च २०१८ मध्ये, दुसऱ्या ठरावावरील मतदानाच्या आदल्या दिवशी, कुचिन्स्की यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या जागी आलेले उपाध्यक्ष मार्तिन व्हिस्कार्रा यांचा अनुभव अधिक बोधक आहे, म्हणून तो सावकाश वाचा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी विधिमंडळ विसर्जित केले. घटनात्मक न्यायाधिकरणाने पुढे ते वैध ठरवले. जनता त्यांच्या बाजूने होती. जानेवारी २०२० च्या निवडणुकीत फुजिमोरींचा पक्ष १५ जागांवर घसरला. परंतु या निवडणुकीत व्हिस्कार्रा यांनी स्वतःचा एकही उमेदवार उभा केला नाही. नव्या सभागृहात नऊ पक्ष आले, त्यांपैकी एकही अध्यक्षाचा नव्हता. ९ नोव्हेंबर २०२० रोजी १०५ मतांनी त्यांना हटवण्यात आले. त्या वेळी जनमत चाचण्यांत निम्म्याहून अधिक लोक त्यांना पाठिंबा देत होते. सभापती मानुएल मेरिनो अध्यक्ष झाले. देशभर तरुण रस्त्यावर उतरले, त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला आणि मेरिनो यांना अवघ्या पाच दिवसांत पद सोडावे लागले.

याच्या नेमके उलटे उदाहरण दिना बोलुआर्ते यांचे आहे. त्यांचे पूर्वसुरी पेद्रो कास्तियो यांच्या बाजूच्या पक्षाला फक्त ३७ जागा होत्या. ७ डिसेंबर २०२२ रोजी, आपल्याविरुद्धच्या तिसऱ्या ठरावावर मतदान होण्याआधी, कास्तियो यांनी विधिमंडळ बरखास्तीची घटनाबाह्य घोषणा केली आणि त्याच दिवशी त्यांना हटवण्यात आले. बोलुआर्ते यांच्याकडे तर स्वतःचा पक्षच नव्हता. त्यांच्या सत्ताग्रहणानंतरच्या आंदोलनांत सुमारे पन्नास नागरिक मरण पावले, लोकप्रियता एक आकडी टक्केवारीवर आली. तरी त्या जवळजवळ तीन वर्षे पदावर राहिल्या, कारण विधिमंडळातील प्रमुख पक्षांना त्या सोयीच्या होत्या. हे कवच त्यांचे स्वतःचे नव्हते, भाड्याचे होते. एप्रिल २०२६ ची निवडणूक जवळ आली, अशा अध्यक्षांसोबत दिसणे महाग पडू लागले आणि १० ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच पक्षांनी त्यांना हटवले.

लोकप्रिय अध्यक्ष गेला, अप्रिय अध्यक्ष टिकला. म्हणून या पदच्युतींना ‘जनतेप्रति उत्तरदायित्व’ असे सरसकट नाव देणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

येथे भारताशी तुलना करून पाहा. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. सरकार पाडणाऱ्यांना मग पर्यायी सरकार उभारता आले नाही आणि सर्वच सदस्यांना मतदारांपुढे जावे लागले. अविश्वास ठरावाला अशी किंमत असते. पेरूत ११३ व्या कलमाचा वापर अविश्वास ठरावासारखा होतो. पण अध्यक्ष गेला तरी उपाध्यक्ष वा सभापती त्याची जागा घेतो आणि सदस्य आपापल्या जागी राहतात.

सदस्य पक्षाची पुढील निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून वागतात, हे आपण गृहीत धरतो. पेरूत अनेक पक्ष म्हणजे निवडणुकीपुरते उभे केलेले तंबू आहेत. त्यात डिसेंबर २०१८ च्या सार्वमताने सदस्यांच्या लागोपाठ पुनर्निवडीला बंदी घातली. भ्रष्ट सदस्य घरी जावेत हा मतदारांचा हेतू समजण्यासारखा होता. परिणाम मात्र असा झाला की दीर्घकाळ पक्ष बांधण्याचे उरलेसुरले कारणही क्षीण झाले. २०२४ च्या घटनादुरुस्तीने ही बंदी उठवली आणि २०२६ पासून ६० सदस्यांचे सिनेट पुन्हा स्थापण्याचे ठरवले.

आपली प्रगती तपासा

१. व्हिस्कार्रा आणि बोलुआर्ते यांच्या उदाहरणांच्या आधारे ‘विधिमंडळीय कवच’ ही संकल्पना स्पष्ट करा.

२. ११३ व्या कलमातून ‘नैतिक’ हा शब्द वगळला, पण पक्ष आहेत तसेच राहिले, तर पेरूतील अध्यक्षपद स्थिर होईल काय? तुमचे मत सकारण लिहा.