काटकसरी यंत्र आणि उधळा हात

यंत्र काटकसरी निघालें म्हणजे इंधन आपोआप वाचतें, असा आपणां सर्वांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

अठराव्या शतकांत इंग्लंडांतील खाणींचें पाणी न्यूकमेनच्या वाफेच्या यंत्रानें उपसलें जाई. तें यंत्र कोळसा फार खाई. जेम्स वॉट यानें वाफ थंड करण्यासाठीं निराळें पात्र योजिलें व १७६९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून तेंच काम पुष्कळ कमी कोळशांत होऊं लागलें. मग कोळशाचा खप घटला काय? मुळींच नाहीं. वाफेची शक्ति स्वस्त होतांच गिरण्या, भट्ट्या, आगगाड्या व आगबोटी यांत तिचा संचार झाला आणि एकंदर खप कितीतरी पटींनीं वाढला. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालच्या आपल्या कोळशावरील ग्रंथांत हीच गोष्ट दाखवून दिली.

आतां आपल्या घरांतील गणित मांडूं. जुना ६० वॉटचा तारेचा दिवा रोज ५ तास जळल्यास ३०० वॉट-तास वीज लागे. त्याऐवजीं ९ वॉटचा एल.ई.डी. दिवा तितकाच वेळ लाविला तर ४५ वॉट-तास पुरतात. म्हणजे ८५ टक्के बचत झाली. परंतु "याला वीज ती कितीशी लागते!" असें म्हणून चार दिवे लाविले व ते १० तास तसेच राहूं दिले, तर हिशेब ३६० वॉट-तासांवर जातो. दिवा सुधारला, संवय बिघडली, आणि खर्च पूर्वीपेक्षां वाढला.

याच्या उलट उदाहरण जपानचें आहे. ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व समुद्राच्या प्रचंड लाटा यांमुळें फुकुशिमा येथील अणुविद्युत्केंद्र निकामी झालें. येणाऱ्या उन्हाळ्यांत वीज पुरणार नाहीं, हें जाणून सरकारनें तोकियो व ईशान्य भागांत कमाल मागणी १५ टक्क्यांनीं उतरविण्याचें ठरविलें. मोठ्या कारखान्यांस तें बंधनकारक होतें. घरोघरच्या लोकांस केवळ विनंती होती. लोकांनीं अनावश्यक दिवे मालविले. कचेऱ्यांनीं थंड हवेचीं यंत्रें २८ अंशांवर ठेविलीं. मोटारींच्या कारखान्यांनीं सुटीचे वार बदलून शनिवार-रविवारीं काम केलें. परिणामीं तोकियो भागांतील कमाल मागणी आदल्या उन्हाळ्याच्या मानानें १५ टक्क्यांहून अधिक उतरली. हें मुख्यतः लोकांच्या वागणुकीनें साधलें.

यावरून सुधारलेलीं यंत्रें निरुपयोगी होत, असें कोणीं समजूं नये. तीं अवश्य घ्यावीं. मात्र त्यांनीं वांचविलेलें आपल्या आळसानें घालवूं नये.

आपल्या देशांत आजही बहुतेक वीज कोळशापासून होते. आपल्या महाराष्ट्रांत चंद्रपूरचें औष्णिक केंद्र प्रसिद्धच आहे. समजा, एका शाळेचे १० वर्ग आहेत, प्रत्येकांत ७५ वॉटचे ४ पंखे आहेत, आणि मधल्या सुटींत ते अर्धा तास रिकाम्या बाकांवर फिरत राहतात. रोज दीड युनिट, व २०० दिवसांत ३०० युनिटें वीज कोणासही वारा न देतां जाते. तिच्यासाठीं जळलेला कोळसा पुन्हां मिळावयाचा नाहीं. त्याचा धूर व राख मात्र केंद्राजवळच्या वस्तीच्या वांट्यास येते.

पांच भाकरी व दोन मासे यांवर पांच हजार लोक तृप्त झाल्यावर प्रभु येशूनें उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, व बारा टोपल्या भरल्या, ही कथा आपणांस ठाऊक आहे. ज्याच्या हातीं विपुलता होती त्यानेंही कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं. आपण तर पराव्या धनाचे कारभारी आहों. म्हणून मधल्या सुटीची घंटा झाल्यावर जो विद्यार्थी वर्गाबाहेर सर्वांच्या शेवटीं पडेल, त्यानें प्रथम पंख्यांचीं बटणें बंद करावीं.