दिवाळीचा समुद्र आणि एजंटची जबान

नळदुर्गचा नर-मादी धबधबा बघायला धाराशिव जिल्ह्यातलं कुणी मे महिन्यात जात नाही. बोरी धरण भरल्याची बातमी आली की मगच गाड्या निघतात. तुळजापूर-उमरग्याकडच्या पोराटोरांनाही हे सांगावं लागत नाही. समुद्राचंही तसंच आहे, पण ते या भागातल्या माणसाला सहल विकणारा एजंट कधीच सांगत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरादाराला हे 2019 च्या दिवाळीत कळलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सहल मालवण-तारकर्लीची होती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात मुखवटा आणि नळी लावून तरंगायचं आणि खालचे मासे, प्रवाळ बघायचं. त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात. एजंटच्या पत्रकावर माणसांशेजारी पोहणाऱ्या एका गलेलठ्ठ समुद्रगाईचं चित्र होतं. घरातल्या मुलांनी फ्लोरिडातल्या भावंडांनी पाठवलेला मॅनेटीचा, म्हणजे तिकडच्या समुद्रगाईचा, व्हिडिओ पाहिला होता, त्यामुळे चित्र बघताच ती हरखली. “आपल्याकडंबी दिसतंय की,” असं एजंटनं छातीठोकपणे सांगितलं.

ते साफ खोटं होतं. मॅनेटी भारतात नाही. तिची चुलत बहीण ड्यूगाँग भारतात आहे, पण ती मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबारमध्ये. तमिळनाडूनं 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र तिच्यासाठी जाहीर केलं. मालवणला नशिबानं डॉल्फिन दिसतात. समुद्रगाय दाखवतो म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नमस्कार करून उठावं.

खरी फसवणूक मात्र पाण्याची. निघण्याआधी एजंटला स्पष्ट विचारलं होतं, की पावसाळा लांबलाय, पाणी निवळलंय का? उत्तर आलं, “काचेसारखं हाय, काका.” त्याच आठवड्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ तयार झालं. 25 ऑक्टोबरच्या सुमारास सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लाटांनी झोडपलं, देवबागसारख्या गावात समुद्राचं पाणी शिरलं. टीव्हीवर ते बघून पुन्हा फोन केला. “वादळ ओमानकडं गेलं, तुम्ही निघा तर खरं.” क्यार गेलं हे खरं, पण महिना संपायच्या आत लक्षद्वीपजवळ ‘महा’ नावाचं दुसरं वादळ उभं राहिलं. तोवर भाऊबीज उरकून सोलापूर, मिरज, कोल्हापूर, फोंडा घाट असं करत गाडी मालवणात पोचली होती.

धक्क्यावर होड्या बांधलेल्या होत्या. एका होडीची दोरी पाण्यात उतरत होती. चांगल्या दिवसात ती खोलवर दिसते. त्या दिवशी हातभर खाली गेली आणि चहाच्या रंगात नाहीशी झाली. होडीवाला बघून म्हणाला, “पाणी गढूळ झाला हा. खाली काय्येक दिसाचा नाय.” त्यानं होडी सोडायला चक्क नकार दिला. एजंटचा माणूस त्याच्याशीच हुज्जत घालत राहिला आणि मुलांना म्हणाला, “उतरा रे, आत गेलं की दिसतंय.” पोहता न येणाऱ्या लेकरांना! हा माणूस पैशापुढे काहीही बघणार नाही, हे त्या एका वाक्यात कळलं. परतल्यावर पैसे मागितले, तर “निसर्गाच्या हातात असतंय” म्हणून हात झटकले. निसर्गाच्या हातात होतं, तर काचेसारख्या पाण्याची हमी कुणाच्या जिवावर दिली?

त्यानंतर मालवणच्या होडीवाल्यांकडून जे ऐकलं, ते सहल आखणाऱ्यांना उपयोगी पडेल. पावसाळ्यात कर्लीसारख्या नद्या गाळ आणतात आणि लाटा तळाची वाळू वर काढतात. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा बंदच असते. सप्टेंबरनंतर पाणी हळूहळू निवळतं. नोव्हेंबर उलटल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. मेमधल्या सुटीचा भरवसा धरू नये. 2021 च्या मेमध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेलं आणि 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला.

तिथीही बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, म्हणजे दिवाळीत उधाणाची भरती ठरलेली. पाण्याला ओढ जास्त, गाळ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी शांत. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. ओहोटीत खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, आणि दुपारी वारा चढतो. म्हणून दशमी-द्वादशीची सकाळ साधावी. कालनिर्णय प्रत्येक घरात असतंच.

निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा इशारा बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर एजंट काहीही म्हणो, घरी थांबा. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसतं का ते बघा, भरपेट जेवून पाण्यात उतरू नका.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि ज्यांना मॅनेटीच बघायची आहे, त्यांनी फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरला नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जावं. समुद्र 20 अंशांच्या खाली गार पडला की हे प्राणी झऱ्यांच्या 22-23 अंशांच्या उबदार पाण्यात गोळा होतात. थंडी जितकी कडक, तितकी गर्दी मोठी. भल्या पहाटे गेलं तर माणसांच्या पायांनी तळ ढवळलेला नसतो. पाठलाग करायचा नाही, नुसतं तरंगत राहायचं. त्यांना त्रास देणं तिथे गुन्हा आहे.

आणि पावती. आमच्या पावतीवर ‘मालवण सहल’ एवढंच होतं, एजंट त्याच्याच आड लपला. बंदी आली किंवा होडी सुटली नाही तर किती पैसे परत, ही ओळ आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. ‘लिहायची काय गरज?’ म्हणणाऱ्याला रुपया देऊ नका. फसलात तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. 2020 पासून लागू झालेल्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मालवण गाठावं लागत नाही.