मोटार सुरू का होत नाही?

रात्रीच्या वेळी रुग्णास तालुक्याच्या रुग्णालयात न्यावयाचे असते, घरची माणसे गाडीत बसलेली असतात आणि किल्ली फिरवूनही मोटार सुरू होत नाही. रुग्ण असल्यास प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व मगच तपासास लागावे. चालक मात्र बहुधा किल्ली पुन्हा पुन्हा फिरवीत राहतो. त्यामुळे बॅटरीतील उरलीसुरली शक्तीही खर्ची पडते आणि साधा बिघाड अवघड होऊन बसतो. वास्तविक गाडीचा पहिला आवाज नीट ऐकला, तर निम्मे निदान तेथेच होते.

किल्ली फिरविताच आवाजच नसेल, किंवा नुसती भराभर टकटक होत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यावा. पुढील दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे, असे समजावे. दिवे तेजस्वी राहून एकच ‘टक्’ ऐकू आले, तर दोष बहुधा स्टार्टरचा असतो. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. हा आकडा १२ च्या खाली गेल्यास ती जवळजवळ रिकामी झालेली असते. पुष्कळदा मात्र बॅटरी निर्दोष असून तिच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटीच वीज अडविते. ती साफ करताना ऋण टोकाची तार आधी सोडवावी व शेवटी जोडावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ विडी किंवा काडी पेटवू नये, हे सांगण्याची वेळ अजूनही येते!

इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, अशी स्थिती असल्यास बॅटरीस दोष देऊ नये. तेथे प्रश्न इंधनाचा किंवा ठिणगीचा असतो. टाकीचा काटा कधी कधी खोटे सांगतो, म्हणून इंधन खरोखर आहे की नाही ते पाहावे. नव्या पेट्रोल गाड्यांत किल्ली अर्धी फिरविताच पंपाची बारीक घरघर क्षणभर ऐकू येते. ती नसेल तर प्रथम फ्यूज तपासावा. किल्लीच्या चित्राचा दिवा सतत लुकलुकत असल्यास गाडीने किल्ली ओळखलेली नसते. दुसरी किल्ली लावून पाहावी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि नुसते डिझेल भरून भागत नाही. ती हवा पंपाने काढावी लागते. गाडी बरेच दिवस उभी असल्यास बॉनेट उघडून उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हेही पाहावे.

ढकलून सुरू करण्याचा उपाय हाताने गिअर बदलावयाच्या गाडीपुरताच आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत आधी दांडा ‘पी’ किंवा ‘एन’ वर आहे का, ते बघावे; कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

गोव्यात किंवा खानापूरकडे पावसाळ्यात ओहोळाच्या पाण्यात गाडी बंद पडते, तेव्हा मात्र किल्लीस हातच लावू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील दांडे वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च कैक पटींनी वाढतो. अशी गाडी, प्रवाह ओसरल्यावर, ढकलत कोरड्या जागी आणावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि कारागिराने पाणी काढून दिल्याशिवाय ती सुरू करू नये.