छोट्या अणुभट्ट्या आणि राज्याची वीज
(इयत्ता सातवीसाठी विज्ञान व गणित यांचे संयुक्त पाठटाचण)

पाठाचा हेतू. अणुशक्तीचे नाव निघताच वर्गात बहुधा दोनच भाव उमटतात : एक भयाचा, दुसरा कौतुकाचा. दोन्ही भाव हिशेबाला पारखे असतात. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली आणि २०३३ पर्यंत स्वदेशी बनावटीच्या निदान पाच भट्ट्या चालू करण्याचे ठरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या संस्थेशी अशा भट्टीच्या विकासाविषयी सामंजस्य करार केला. आज वर्गात बसलेली मुले उद्या ग्रामसभेत बसतील. गावच्या जमिनीचा व पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आल्यास त्यांना हिशेब मांडता यावा, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी. आदल्या दिवशी मुलांस घरचे वीजबिल आणावयास सांगावे. १०० वॅटचा दिवा दहा तास जळल्यास एक युनिट वीज खर्च होते, हे फळ्यावर मांडून दाखवावे.

विषयविवेचन. युरेनियमच्या अणुगर्भाचे विखंडन झाले की उष्णता निघते. तिने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते व चक्राने जनित्र चालते. कोळशाच्या केंद्रातही हेच घडते. भेद केवळ उष्णतेच्या उगमाचा. ३०० मेगावॅटपर्यंतच्या अणुभट्टीस सामान्यतः छोटी म्हणतात.

आता उदाहरण घालावे. २२० मेगावॅटची भट्टी अखंड चालली तर दिवसाला ५२ लक्ष ८० हजार युनिटे देईल. दुरुस्तीसाठी ती मधूनमधून थांबणारच. म्हणून शेकडा ८० धरावे. उत्तर सुमारे ४२ लक्ष येते. एका घरास रोज ३ युनिटे लागतात असे मानल्यास १४ लक्ष घरांची सोय झाली. येथे मुले हरखून जातील. त्यांना लगेच पुढचे उदाहरण द्यावे.

त्याच भट्टीची वर्षाची वीज सुमारे १५४ कोटी युनिटे होते. महाराष्ट्राची वार्षिक गरज सुमारे २०,००० कोटी युनिटांची आहे. भागाकार केल्यास १३० भट्ट्या लागतात. घरे इतकी उजळूनही भट्ट्या इतक्या का लागाव्यात, हे मुलांनाच विचारावे. शेतीचे पंप, कारखाने व शहरे ही उत्तरे त्यांच्याकडूनच येतील.

छोटी का, मोठी का? छोटी भट्टी ही नवी वस्तू नव्हे. १९६९ साली तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. तेथील पहिल्या दोन भट्ट्यांची क्षमता पुढे प्रत्येकी १६० मेगावॅट ठरविण्यात आली, म्हणजे आजच्या मोजमापाने त्या छोट्याच होत. नंतर स्वदेशी भट्ट्या २२० वरून ५४० व ७०० मेगावॅटपर्यंत वाढत गेल्या. कारण पहारा, नियंत्रणकक्ष व संरक्षक भिंती यांचा खर्च भट्टी निम्मी केल्याने निम्मा होत नाही. एका पंगतीचा स्वयंपाक चार चुलींवर केल्यास सरपण अधिक लागते, तसेच हे.

यावर पुरस्कर्त्यांचे उत्तर असे की, एकाच नमुन्याचे भाग कारखान्यात वारंवार घडविले तर खर्च उतरेल. हे उत्तर विचारार्ह आहे. परंतु ते अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. रशियात पेवेक या दूरच्या बंदरात ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या एका तरंगत्या केंद्रावर २०२० पासून वीज देत आहेत. उलटपक्षी अमेरिकेत आयडाहो येथे योजलेल्या सहा छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प खर्चाचा अंदाज फार वाढल्याने २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला.

पाणी, जमीन व राख. भट्टीतील उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भागच विजेत उतरतो. उरलेली उष्णता पाण्यात वा हवेत सोडावी लागते. म्हणून केंद्रे समुद्राकाठी, नदीकाठी वा जलाशयाकाठी असतात. पावसाळ्यानंतर विहिरी आटणाऱ्या तालुक्यातील मुलांस याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. वापरलेले इंधन हजारो वर्षे किरणोत्सारी राहते, ते पिढ्यान् पिढ्या सांभाळावे लागते. मात्र कोळशाप्रमाणे येथे धूर व राखेचे ढीग नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली, हेही वर्गात सांगावे. विजेची किंमत केवळ बिलावर लिहिलेली नसते.

उपयोजन. वर्गात ग्रामसभा भरवावी. एका गटाने भट्टीच्या बाजूने, दुसऱ्याने विरुद्ध बोलावे. प्रत्येक विधानास आकडा अथवा कारण जोडलेच पाहिजे, हा नियम ठेवावा. शिक्षकाने स्वतःचे मत सांगू नये. मुले ते उचलतील आणि हिशेब टाकून देतील.

गृहपाठ. राज्याची एकदशांश वीज छोट्या भट्ट्यांकडून घ्यावयाची झाल्यास किती भट्ट्या लागतील? त्यांना पाणी कोठून मिळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १३ आहे. दुसऱ्याचे उत्तर मुलांनी जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन शोधावे.