गाळाच्या किती खेपा?

पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यात जमीन हलकी, वीतभर मातीखाली लगेच मुरूम. वाहून गेलेली तीच माती पाझर तलावांच्या तळाशी बसली आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017मध्ये आली आणि गाळ शेतात आणणं सोपं झालं. पण जेसीबी लावण्याआधी हिशेब करा, अंदाजावर पैसे घालवू नका.

समजा, 10 गुंठ्यांवर तीन इंचांचा थर द्यायचा आहे. गुंठा म्हणजे 33 × 33, अर्थात 1,089 चौरस फूट, दहाचे 10,890. आता इंचांचे फूट करा: 3 ÷ 12 = 0.25. इथे बरेच जण 0.3 धरतात आणि पाच ब्रासांहून जास्त गाळाचे पैसे भरतात. गुणाकार 2,722.5 घनफूट येतो. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून 27.2 ब्रास.

ट्रॉली आतून टेपने मोजा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद असेल तर 20 इंच उंचीपर्यंत भरल्यावर बरोबर एक ब्रास होतो. फाळक्याच्या आत खडूने रेघ मारून ठेवा. खेपा 28, शेवटची थोडकी.

आता वजन. ते पुस्तकातून घेऊ नका, आपल्या तलावाच्या गाळाचंच घ्या. बादलीत लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओता, पाणी जिथवर येईल तिथे कोळशाने खूण करा. पाणी काढून बादली कोरडी करा आणि खुणेपर्यंत गाळ भरा. दाबू नका, ट्रॉलीत पडतो तसाच सैल राहू द्या. बादलीचं वजन वजा जाता 13 किलो भरलं, तर लिटरला 1.3 किलो. हाच आकडा घनमीटरला 1.3 टन असाही वाचता येतो, कारण घनमीटरात 1,000 लिटर असतात.

ब्रासचे घनमीटर करताना 3.28ने भागू नका. तो लांबीचा आकडा. एका घनमीटरात 35.3 घनफूट, म्हणून ब्रास 2.83 घनमीटरांचा. 2.83 × 1.3 म्हणजे खेपेला सुमारे 3.7 टन, एकूण 100 टन.

ओल्या गाळाची बादली 17 किलो भरली तर तीच खेप 4.8 टनांवर जाते. दर खेपेला टनभर पाणी वाहायचं, डिझेल जाळून! म्हणून एप्रिल-मेमध्ये, गाळ भेगाळल्यावरच उचला. ओलाच उचलावा लागला, तर ट्रॉली 15 इंचांपर्यंत भरा: खेप पाऊण ब्रासची, वजन 3.6 टन, खेपा 37.