सायन्स आणि डिझाइनवाल्यांनो, मशीन बनवण्याआधी हे तीन प्रश्न सोडवा



व्हिडिओत जे थोडक्यात सांगितलं, ते इथे उदाहरणासह लिहून देतोय. वहीत उतरवून ठेवा.

सायन्सवाल्याला वस्तू कशी चालते ते कळतं. डिझाइनवाल्याला माणूस ती कशी वापरतो ते कळतं. दोघं एकत्र आले की वस्तू चांगली बनते. पण वस्तू म्हणजे धंदा नव्हे. कुणीतरी खिशातून पैसे काढून दिले, की धंदा सुरू झाला.

एम्ब्रेसचं उदाहरण

२००७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एका डिझाइनच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या टीमला काम मिळालं: कमी दिवसांच्या बाळांसाठी खूप स्वस्त इन्क्युबेटर बनवा. टीममधला लायनस लियांग नेपाळला गेला. बघतो तर काय, हॉस्पिटलमधले इन्क्युबेटर रिकामे! बाळं जन्मत होती खेड्यात, आणि तिथून शहरात पोचेपर्यंत उशीर होत होता.

म्हणजे मूळ प्रश्नच बदलला. त्यांनी इन्क्युबेटर सोडून बाळाला गुंडाळायची छोटी पिशवी बनवली. आत मेणासारख्या पदार्थाचं पाकीट. एकदा तापवलं की काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब राहते, सतत वीज लागत नाही.

पुढे टीम भारतात आली. महाराष्ट्रात नमुना दाखवताना एक आई म्हणाली, डॉक्टरांनी ३७ सांगितलं तरी मी कमीच ठेवीन. औषधं जास्त कडक असतात, म्हणून डोस कमी देतात ना, तसंच! वस्तू चालत होती, पण बाळाला ऊब कमी पडली असती. मग आकडे काढले आणि फक्त 'ठीक आहे / ठीक नाही' एवढाच इशारा ठेवला. हे लॅबमध्ये बसून कळलं नसतं.

आता तुमचे तीन प्रश्न.

१. वापरणार कोण, पैसे देणार कोण?
बऱ्याचदा ही दोन वेगळी माणसं असतात. पिशवी आई वापरणार, पण विकत हॉस्पिटल किंवा संस्था घेणार. दोघांशी वेगवेगळं बोला.

२. हक्क कुणाचा?
प्रदर्शनात किंवा यूट्यूबवर दाखवण्याआधी पेटंटचा अर्ज करा. आधी जगजाहीर केलं तर पेटंट हातचं जाऊ शकतं. प्रोव्हिजनल अर्जाची ऑनलाइन सरकारी फी व्यक्तीला किंवा स्टार्टअपला १,६०० रुपये आहे, वकिलाची फी वेगळी. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावाच लागतो. वस्तूच्या दिसण्याची नोंदणी डिझाइन कायद्याखाली वेगळी होते: आधी १० वर्षं, मग आणखी ५. कॉलेजची लॅब किंवा पैसा वापरला असेल तर कॉलेजचा हक्क किती, ते लेखी विचारा. पार्टनर मित्र असला तरी वाटणी कागदावरच. मैत्री टिकवायची असेल तर हे कराच.

३. पहिला पैसा कुठून?
वडिलांची एफडी मोडण्याआधी सरकारी अनुदान बघा. नमुना बनवायला निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत, आणि बायोटेक, आरोग्य, शेती अशा विषयांत बायरॅकच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मार्गदर्शनासाठी पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीचं साइन ही इन्क्युबेशन सेंटर आहेत. अर्ज कधी सुरू होतात ते तिथे विचारा. पण लक्षात ठेवा, अनुदान म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. अनुदान संपतं, गिऱ्हाईक परत येतं.

या आठवड्याचा गृहपाठ
दहा वापरणारे आणि तीन पैसे देणारे शोधा. त्यांच्या जागेवर जाऊन भेटा. "आवडेल का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आत्ता हे काम कसं करता आणि त्यावर किती खर्च होतो?" असं विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. तीनपैकी एकही जण ॲडव्हान्स द्यायला तयार नसेल, तर मशीन थांबवा आणि प्रश्न पुन्हा तपासा.

चला, वही-पेन घ्या आणि निघा!