लाल शाईच्या चार नोंदी

प्रश्न : लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, चार नोंदींवरून लष्कराने मला बारा वर्षांनी घरी पाठवलं. हा डाग पुसता येईल का?
– एक माजी शिपाई, रायपूर

उत्तर : डिस्चार्ज बुकातलं कारण आधी वाचा. बडतर्फी आणि डिस्चार्ज यांत पेन्शनच्या दृष्टीने मोठा फरक आहे. अमेरिकेसारखं डिस्चार्जचा दर्जा सुधारून देणारं मंडळ आपल्याकडे नाही. आदेशालाच आव्हान द्यावं लागतं. तुमची बाजू मात्र कच्ची नाही. वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं, की नुसत्या चार नोंदी पुरेशा नाहीत. चौकशी हवी, नोंदींचं स्वरूप, सेवेचा काळ, खडतर ठिकाणच्या नेमणुकाही पाहायला हव्यात. चौकशी झाली होती का, हे कागदपत्रांत शोधा. अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे करा. मुदत अंतिम आदेशापासून सहा महिने. उलटली असेल, तर विलंबमाफीचा अर्ज जोडा, कारण खरं लिहा.